मायफोर्ड एमएल-७: ठाण्यात दोन पावसाळे काढलेल्या जुन्या लेथचे परीक्षण

दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये मी रबाळे औद्योगिक वसाहतीतील एका जुन्या यंत्रांच्या विक्रेत्याकडून मायफोर्ड एमएल-७ हा लहान लेथ, म्हणजे धातू फिरवून कातण्याचे यंत्र, विकत घेतला आणि ठाण्यात चरईतील आमच्या जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरील मागच्या खोलीत तो बसवला. हे परीक्षण त्या लेथचे आहे. पण जुना लेथ एकटा घरी येत नाही; विक्रेता, तो वाहून आणणारी माणसे, बेड (ज्यावर बाकीचे भाग बसतात आणि सरकतात तो लांब पाया) तपासून देणारा कारखानदार आणि वर्षातले चार महिने चिंब असणारी ठाण्याची हवा ही सगळी मंडळी त्याच्याबरोबरच येतात, म्हणून त्यांच्याविषयीही लिहिणे भाग आहे. लहान कामासाठी हे यंत्र आजही उत्तम आहे, हे माझे मत मी आधीच सांगून टाकतो. मात्र ते रंग पाहून नव्हे, तर बेडची झीज मोजून घ्यावे, आणि आठवड्यातून एकदा हातात तेलाचा डबा धरण्याची तयारी नसेल तर घेऊच नये.

मायफोर्ड ही इंग्लंडमधील नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टन गावची कंपनी. ती १९३४ साली सुरू झाली आणि दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४६ साली, तिने एमएल-७ बाजारात आणला. सेंटरची, म्हणजे जॉब (कातायचा तुकडा) ज्या अक्षाभोवती फिरतो त्याची, बेडपासूनची उंची साडेतीन इंच, त्यामुळे बेडवर जास्तीत जास्त सात इंच व्यासाचा जॉब फिरू शकतो. हेडस्टॉकजवळ, म्हणजे जॉब फिरवणाऱ्या डाव्या टोकाजवळ, बेडमध्ये जी खाच आहे तिथे हाच व्यास दहा इंचांपर्यंत जातो. दोन सेंटरमधील अंतर वीस इंच. स्पिंडलच्या (फिरणाऱ्या पोकळ दांड्याच्या) तोंडावर सव्वा इंचापेक्षा थोडे कमी, म्हणजे एक पूर्णांक एक अष्टमांश इंच व्यासाचे आणि इंचाला बारा आट्यांचे थ्रेड असून चक (जॉब पकडणारे जबडे असलेला भाग) त्यावर सरळ फिरवून बसवावा लागतो. आत दोन नंबरचा मोर्स टेपर, म्हणजे ठराविक मापाचे निमुळते भोक, आहे. हे आकडे वाचून मोठ्या लेथवर काम केलेल्या टर्नरला हसू येईल, पण घड्याळदुरुस्ती, लहान इंजिनांचे नमुने, जुन्या स्कूटरचे बुश, मिक्सरच्या कपलिंगपासून दाराच्या कडीपर्यंतची कामे याच मापात बसतात. २०११ साली बीस्टनचा कारखाना बंद झाला आणि कंपनीचे नाव दुसऱ्या एका इंग्रज विक्रेत्याने घेतले. सुटे भाग त्यामुळे अजून मिळतात, पण इंग्लंडहून मागवायचे म्हटले की भागापेक्षा टपालखर्च आणि जकात जड होते, हे गृहीत धरूनच व्यवहार करावा.

अशी यंत्रे आपल्याकडे मुख्यतः प्रयोगशाळा, उपकरणांचे कारखाने आणि शिकाऊ कामगारांचे वर्ग यांच्यासाठी आली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत. पुढे खाडीपलीकडे दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत ठाणे-बेलापूर पट्टा उभा राहिला. त्या गाळ्यांतून आज संगणकाच्या कंपन्या बसल्या असल्या, तरी आतली यंत्रे हवेत विरून गेलेली नाहीत. त्यातली बरीचशी भंगारात वजनावर गेली आणि थोडी अशा विक्रेत्यांच्या शेडमध्ये येऊन थांबली. माझे यंत्र उपकरणे बनवणाऱ्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शिकाऊ विभागातून आले, असे विक्रेत्याने सांगितले. बेडवरचा 'के' अक्षराने सुरू होणारा क्रमांक पाहून तो एमएल-७ च आहे एवढी खात्री झाली. बाकीची वंशावळ मी विक्रेत्याच्या शब्दावर सोडून दिली.

शेडमध्ये पहिल्यांदा पाहिला तेव्हा लेथ हिरव्या ऑईलपेंटने चकचकत होता. रंग इतक्या उत्साहाने मारला होता की तेल भरण्याचे निपल, गिब पट्टीचे (सरकत्या भागाची ढिलाई काढणाऱ्या पट्टीचे) स्क्रू आणि मोटारीवरची माहितीची पट्टीसुद्धा त्याखाली गुडूप झाली होती. जुन्या यंत्राच्या बाबतीत ताजा रंग ही गुणवत्ता समजू नये. उलट न रंगवलेले, तेलकट, काळपट यंत्र जास्त प्रामाणिक असते, कारण कोणता भाग हाताळला गेला, कुठे वेल्डिंग झाले आणि कुठे पाणी साचले हे त्यावर वाचता येते. मी बरोबर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारे घड्याळ), मायक्रोमीटर, एक सरळ गोल सळई आणि टॉर्च नेली होती. विक्रेत्याला हे फारसे रुचले नाही, पण त्याने अडवलेही नाही, आणि हा त्याचा गुण मी नोंदवून ठेवतो.

तपासणीचा गाभा एकच आहे, तो म्हणजे सॅडलची, अर्थात टूल धरून बेडवर सरकणाऱ्या भागाची, चाल. लेथवर बहुतेक काम चकजवळच्या सहा-सात इंचांत होते, त्यामुळे बेड तिथे झिजतो आणि टेलस्टॉककडची, म्हणजे जॉबचे दुसरे टोक धरणाऱ्या भागाकडची, बाजू जवळजवळ कोरी राहते. म्हणून सॅडल टेलस्टॉकच्या टोकाला न्यावा, गिब पट्टी आवळून तो तिथे जेमतेम सरकेल असा करावा आणि मग चकजवळ आणून हाताने हलवून पाहावा. माझ्या यंत्रात तो टोकाला घट्ट होता आणि चकजवळ डायल गेजवर चार थाउ हलत होता. एक थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, साधारण पंचवीस मायक्रॉन. म्हणजे दहा शतांश मिलिमीटरची ढिलाई. चकमध्ये सळई धरून लाकडी दांड्याने वर उचलली तेव्हा स्पिंडल साडेतीन थाउ उचलला गेला. बॅकगिअरच्या (वेग कमी करणाऱ्या गिअरच्या) मोठ्या चाकाचा एक दात कोपऱ्यात टवका उडालेला दिसला, आणि त्याचे कारणही ओळखीचे होते: घट्ट बसलेला चक काढण्यासाठी स्पिंडल अडकवून ठेवायचा म्हणून बॅकगिअर तसाच गुंतवतात आणि चकला हिसका देतात, हिसका दातावर येतो. शिकाऊ विभागातून आलेल्या यंत्रावर ही खूण असणारच. पट्ट्याने स्पिंडल धरून किंवा चकच्या जबड्यात लांब चौकोनी गज पकडून चक सोडवावा, ही गोष्ट त्या मुलांना कोणी सांगितली नसावी, किंवा सांगूनही त्यांनी ऐकली नसावी.

विक्रेत्याने पंचाण्णव हजार सांगितले आणि मी मोजलेले आकडे त्याच्यासमोर मांडल्यावर अठ्ठ्याहत्तर हजारांवर व्यवहार ठरला. त्यात तीन जबड्यांचा चक, टेलस्टॉक, एक ड्रिल चक, मोटार आणि थ्रेड कापण्याच्या गिअरचाकांचा संच धरला होता. घरी येऊन संच मोजला तेव्हा अडतीस दातांचे चाक नव्हते. फोन केल्यावर 'पाठवतो साहेब, शेडमध्येच असेल' असे उत्तर मिळाले. विक्रेत्याला मी निम्मे गुण देतो: यंत्र पाहू दिले, मोजू दिले, पावती दिली, पण रंगाखाली झाकले आणि संच अपुरा दिला. अशा ठिकाणी पैसे देण्याआधी प्रत्येक सुटा भाग पावतीवर नावानिशी लिहून घ्यावा.

वाहतुकीविषयी मात्र तक्रारीला जागा नाही. लेथ स्टँडशिवाय शंभर किलोच्या आसपास भरतो, आणि हे वजन फसवे असते: दोन माणसांना 'उचलू की' असे वाटायला लावणारे, पण पाठ धरायला पुरेसे. विक्रेत्यानेच सुचवलेल्या तीन जणांच्या चमूने आधी मोटार, चक आणि टेलस्टॉक काढून वेगळे बांधले, सॅडल टेलस्टॉकच्या टोकाकडे नेऊन तोल साधला आणि दोर बेडखालून घेतला. लीड स्क्रूला (सॅडल सरकवणाऱ्या लांब स्क्रूला) किंवा स्पिंडलला दोर लावणार नाही, हे त्यांनी मी सांगण्याआधीच सांगितले, तेव्हाच मी निश्चिंत झालो. 'छोटा हत्ती'तून ठाणे-बेलापूर रस्त्याने, विटाव्याच्या रेल्वे पुलाखालच्या नेहमीच्या कोंडीतून आणि कळव्याच्या पुलावरून यंत्र दुपारी चरईत पोहोचले, आणि पहार व लोखंडी नळ्यांवरून सरकवत तासाभरात खोलीत गेले. चार हजार रुपये घेतले. एकही ओरखडा नाही.

आता बेडविषयी. चार थाउची झीज पाहून माझी पहिली समजूत अशी होती की बेड ग्राइंडिंग करून घ्यावा, म्हणजे सगळे नवे होईल. वागळे इस्टेटमधील एका स्लाइडवे ग्राइंडिंग करणाऱ्या छोट्या कारखान्यात मी मोजमापे घेऊन गेलो. मालकांनी माझा कागद वाचला, बेडचे फोटो पाहिले आणि म्हणाले, "साहेब, ग्राइंडिंग केलं तर पैसे माझे होतील आणि मशीन तुमचं बिघडेल." त्यांचे म्हणणे असे होते: बेडचा वरचा पृष्ठभाग खाली गेला की हेडस्टॉक, टेलस्टॉक आणि सॅडल तिघेही सारखेच खाली येतील, त्यामुळे सेंटरची रेषा बिघडणार नाही, पण लीड स्क्रूचे ब्रॅकेट आणि रॅक बेडच्या पुढच्या बाजूला पक्के बसलेले आहेत, ते जिथल्या तिथे राहतील. मग हाफ नट (सॅडलला लीड स्क्रूशी जोडणारा उघडता नट) लीड स्क्रूवर वाकडा बसेल आणि तो जुळवण्यासाठी ब्रॅकेट हलवावे लागतील. शिवाय खरी झीज वरच्या पृष्ठभागावर नाहीच, ती उभ्या कडेवर आहे. ज्या कामाचे वीस-पंचवीस हजार सहज घेता आले असते ते काम नाकारून त्यांनी तासभर बसून मला माझेच यंत्र समजावून सांगितले आणि चहाचे पैसेही देऊ दिले नाहीत. या सगळ्या खटाटोपात मला मिळालेली सर्वात मोलाची सेवा हीच.

ती उभी कड नेमकी काय, हे समजून घेणे एमएल-७ घेणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी आहे. या लेथचा बेड व्ही आकाराचा नसून सपाट आहे. त्याला पुढची आणि मागची अशा दोन समांतर पट्ट्या आहेत. जुन्या एमएल-७ मध्ये सॅडलला आडवे हलू न देण्याचे काम केवळ पुढच्या पट्टीच्या दोन उभ्या बाजू करतात: आतली बाजू आधाराची आणि बाहेरच्या बाजूला गिब पट्टी. दोघींमधले अंतर अरुंद, सॅडलची लांबीही मर्यादित, त्यामुळे टूलचा जोर आला की सॅडल किंचित तिरका होऊ पाहतो आणि आतली कड चकजवळ खाल्ली जाते. गंमत अशी की मागच्या पट्टीच्या सर्वात मागच्या उभ्या बाजूला या रचनेत सॅडल स्पर्शच करत नाही. ती सत्तर वर्षांनंतरही कारखान्यातून आल्यासारखी असते. कंपनीने स्वतःच १९७० च्या दशकात आपली रचना बदलून सॅडल पुढच्या पट्टीची बाहेरची बाजू आणि मागच्या पट्टीची मागची बाजू यांच्यात धरायला सुरुवात केली. जुन्या यंत्राला हाच बदल नंतर करता येतो. सॅडलच्या मागच्या आतल्या भिंतीवर मोजून ग्राइंड केलेली पोलादी चपटी बारीक स्क्रूंनी बसवायची, ती मागच्या न झिजलेल्या कडेवर टेकवायची आणि पुढच्या पट्टीच्या आतल्या कडेला लागणारा सॅडलचा भाग थोडा घासून मोकळा करायचा. बेडला कानस लावायची नाही, त्यामुळे पुढे कधी वाटले तर सगळे पूर्ववत करता येते.

त्याच कारखानदारांनी एका निवृत्त टूलरूम फिटरचे नाव सुचवले. काकांनी तीन रविवार माझ्या खोलीत बसून हे काम केले. चपटीची जाडी ठरवण्यासाठी त्यांनी फीलर गेजच्या पानांवर पाने ठेवून अंतर मोजले, चपटी बाहेरून अर्धा थाउ जास्त ठेवून ग्राइंड करून आणली आणि उरलेला अर्धा थाउ प्रशियन ब्लू लावून, स्क्रेपरने खरवडून काढला. निळा ठिपका कुठे उमटतो ते पाहायचे, तेवढाच खरवडायचा, पुसायचे, पुन्हा लावायचा. पाहणाऱ्याचा धीर सुटतो, करणाऱ्याचा सुटत नाही. काम संपल्यावर सॅडल बेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच ओढीने सरकू लागला आणि चकजवळची ढिलाई अर्ध्या थाउच्या आत आली. सहा हजार रुपये मजुरी त्यांनी सांगितली आणि मी ती एका पैशाने कमी केली नाही.

स्पिंडलचे काम त्यामानाने सोपे निघाले. एमएल-७ चे स्पिंडल बेअरिंग पांढऱ्या धातूचे, दोन भागांचे असतात आणि वरच्या टोपीखाली पातळ थरांची शिम (अंतर राखणारी पत्र्याची पट्टी) ठेवलेली असते. झीज झाली की शिमचा एक थर सोलून काढायचा आणि टोपी पुन्हा आवळायची. एक थर काढल्यावर साडेतीन थाउची चाल दीड थाउवर आली आणि स्पिंडल हाताने अजूनही मोकळा फिरत होता, म्हणून तिथेच थांबलो. यात हाव करू नये. तेलाच्या पापुद्र्याला जागा उरली नाही तर पांढरा धातू तापून पुसला जातो. टोप्या उघडल्याच होत्या म्हणून पट्टाही बदलला. पुली दोन बेअरिंगच्या मध्ये असल्यामुळे अखंड व्ही-बेल्ट बदलायचा तर स्पिंडल उचलावाच लागतो. ज्यांना ते नको असेल त्यांनी कड्या जोडून बनणारा लिंक बेल्ट वापरावा.

विजेच्या बाबतीत माझी थोडी फजिती झाली. विक्रेत्याने लेथला थ्री-फेज मोटार जोडली होती आणि आमच्या इमारतीत महावितरणची सिंगल-फेज जोडणी आहे. यावर व्हीएफडी ड्राइव्ह हा उपाय आहे: तो २३० व्होल्ट सिंगल-फेज घेतो आणि २३० व्होल्ट थ्री-फेज देतो. पण लहान मोटारी बहुधा ४१५ व्होल्टसाठी स्टार जोडणीत असतात. त्या तशाच ड्राइव्हला लावल्या तर मोटार फिरते, पण जोर धरत नाही. टर्मिनल पेटीत सहाही टोके बाहेर असतील तर पट्ट्या बदलून डेल्टा जोडणी करता येते. माझ्या मोटारीत तीनच टोके बाहेर होती, म्हणून वाइंडिंग करणाऱ्याकडून आतला स्टारचा सांधा सोडवून सहा टोके बाहेर काढून घ्यावी लागली. ड्राइव्ह लावल्यावर घराचा ईएलसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) दोनदा पडला, कारण ड्राइव्हच्या फिल्टरमधून थोडा प्रवाह अर्थिंगकडे जातो; त्यासाठी स्वतंत्र सर्किट घेतले. आणखी दोन सावधगिऱ्या: जुना उलटसुलट फिरवण्याचा स्विच ड्राइव्ह आणि मोटार यांच्या मध्ये ठेवू नये, तो ड्राइव्हच्या नियंत्रणाच्या तारांवर घ्यावा, आणि ड्राइव्हमध्ये एकदम ब्रेक लागण्याची सोय असली तरी ती वापरू नये, कारण चक थ्रेडवर बसलेला आहे. स्पिंडल अचानक थांबला तर वजनदार चक आपल्या वेगानेच सुटून अंगावर येऊ शकतो.

बसवताना बेडला पीळ पडतो. त्यासाठी यंत्राखाली स्क्रूने वरखाली करता येणारे ठोकळे ठेवले आणि पंचवीस मिलिमीटरच्या सळईवर शंभर मिलिमीटर अंतराने दोन कडा ठेवून, टेलस्टॉकचा आधार न घेता, दोन्ही कडांवरून एकाच बैठकीत हलका काप घेतला. चकपासून लांबची कड चार शतांश मिलिमीटरने मोठी निघाली, म्हणजे टूल त्या बाजूला जॉबपासून दूर जात होते. टेलस्टॉकच्या टोकाचा पुढचा पाय थोडा उचलला की सॅडल मागे कलतो आणि टूल जॉबकडे येते. चार फेऱ्यांत फरक एका शतांशावर आला. पावसाळा सुरू झाल्यावर आणि संपल्यावर हे एकदा पुन्हा तपासतो. आमची जमीन जुनी आहे, ती बसते.

प्रत्यक्ष कामात यंत्र कसे आहे? त्याचे वेग मिनिटाला पस्तीस ते सहाशे चाळीस फेरे, सहा टप्प्यांत. वीस मिलिमीटर व्यासाच्या पोलादावर ६४० फेऱ्यांना कापण्याचा वेग मिनिटाला चाळीस मीटर पडतो, आणि हायस्पीड स्टीलच्या टूलला तो पुरेसा, किंबहुना थोडा जास्तच आहे. पण सहा मिलिमीटरच्या पितळी पिनवर तोच वेग बारा मीटर होतो आणि पितळ रेंगाळते. कार्बाइडच्या टिपा या यंत्रावर वाया जातात; नागदेवी स्ट्रीटवरून आणलेले मिरांडा कंपनीचे हायस्पीड स्टीलचे चौकोनी टूल, हाताने धार लावून, मला कार्बाइडपेक्षा गुळगुळीत पृष्ठभाग देते. डायल इंचात आहेत, क्रॉस स्लाइडची एक फेरी म्हणजे शंभर थाउ. वडिलांच्या पिढीच्या मिस्त्रींना सूत (इंचाचा आठवा भाग) आणि थाउ बोलीभाषेसारखे होते, मला मात्र शेजारी गणनयंत्र ठेवावे लागते. मेट्रिक आटे कापणे हे याचे दुखणे आहे. लीड स्क्रूला इंचाला आठ आटे असल्यामुळे अचूक मेट्रिकसाठी १२७ दातांचे चाक लागते, त्याचा व्यास जवळजवळ साडेसहा इंच होतो आणि ते या चिमुकल्या चौकटीत मावत नाही, म्हणून एकवीस दातांच्या चाकांनी जवळपासचे गुणोत्तर साधतात. नेहमीच्या नट-बोल्टच्या लांबीत तो फरक जाणवत नाही. मात्र मेट्रिक आटा कापताना हाफ नट उघडायचा नाही, मोटार उलटी फिरवूनच मागे यायचे, आणि उलट फिरवताना काप घ्यायचा नाही. चक सुटण्याची तीच ती भीती.

देखभालीत निम्मे काम तेलाचे. स्पिंडलला इंडियन ऑईलचे सर्व्होसिस्टिम ३२ आणि बेडला सर्व्होवे ६८ वापरतो. दोन्ही ठाण्यात मिळतात. मोटारीचे इंजिन ऑईल वापरू नये, त्यातील मळ आणि पाणी धरून ठेवणारी रसायने इंजिनात उपयोगाची असली तरी इथे नकोशी ठरतात. हेडस्टॉकवरच्या दोन थेंबी तेलदाण्या काम सुरू करताना उघडायच्या आणि संपताच बंद करायच्या, नाहीतर सकाळपर्यंत सगळे तेल ट्रेमध्ये. बेडवर पॉलिश पेपर कधीही नाही: त्याची वाळू ओतीव लोखंडात रुतून बसते आणि पुढची वर्षानुवर्षे सॅडलला कानशीप्रमाणे घासते. हवेच्या नळीने कीस उडवू नये, तो सॅडलखाली जातो. ब्रश आणि चिंधी पुरते. पाणी मिसळलेले कूलंट मी या यंत्रावर चढवतच नाही.

पावसाळ्यात ठाण्याच्या खाडीकाठची हवा लोखंड खाते. पहिल्या जूनमध्ये मी प्लॅस्टिकचे आवरण घातले आणि आठवड्यात चकच्या पाठीवर तांबूस ठिपके आले. प्लॅस्टिक आतली वाफ बाहेर जाऊ देत नाही. आता जुनी सुती चादर, बेडवर तेलाचा हात, हाताळलेल्या प्रत्येक जागेवर शेवटची चिंधी, आणि ट्रेखाली मंद उष्णता देणारा छोटा हीटर, ज्याने लोखंड खोलीच्या हवेपेक्षा दोन-तीन अंश गरम राहते आणि दव धरत नाही. दुसऱ्या पावसाळ्यात गंज फक्त एका जागी आला आणि तो माझ्या श्रद्धेचा दोष होता. खंडेनवमीला लेथची पूजा केली, आईने हळदकुंकू ओल्या बोटाने थेट बेडवर लावले, वर झेंडूची माळ घातली आणि ती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत तशीच राहिली. पाच बोटांचे ठसे अजून दिसतात. आता कुंकू हेडस्टॉकच्या रंगवलेल्या झाकणावर लावतो. यंत्राची हरकत नाही आणि आईचीही नाही.

एवढ्यावरून कोणी घ्यावे हे सांगणे कठीण नाही. रोज उत्पादन काढायचे असेल, मेट्रिक आटेच कापायचे असतील किंवा चाळीस मिलिमीटरची सळई स्पिंडलमधून जाऊ द्यायची असेल, तर हा लेथ नको; त्याच्या स्पिंडलचे भोक पंधरा मिलिमीटरचे आहे. खोली लहान, शेजारी जागरूक आणि काम बारीक असेल तर याच्यासारखा सोबती नाही. रात्री नऊलाही तो शिवणयंत्रापेक्षा जास्त आवाज करत नाही. खरेदी, वाहतूक, ड्राइव्ह, मोटारीचे वाइंडिंग, फिटरची मजुरी, पट्टा आणि तेल मिळून मला एक लाख सहा हजार रुपये खर्च आला.

अडतीस दातांचे चाक मात्र शेवटपर्यंत आलेच नाही. त्याची गरज पडली ती एका शेजाऱ्याच्या जुन्या कॉम्प्रेसरच्या पाव इंची जोडणीमुळे. पाव आणि तीन अष्टमांश इंची बीएसपी (ब्रिटिश मापाच्या) पाइपला इंचाला एकोणीस आटे असतात, आणि ते या लेथवर कापायचे तर अडतीसाचे चाक हवेच. कळव्यातील एका गिअर कापणाऱ्याने 'तेवढं काय त्यात' म्हणत सव्वा मॉड्यूलचे (मॉड्यूल म्हणजे दातांचे मेट्रिक माप) चाक दोन दिवसांत दिले. ते शेजारच्या चाकात बसले, पण दळणासारखे घरघरू लागले, कारण मायफोर्डची चाके मॉड्यूलची नसून वीस डायमेट्रल पिचची (दातांच्या इंची मापाची) आणि दातांचा कोन साडेचौदा अंशांचा असलेली आहेत. अडतीस दातांच्या चाकाचा बाहेरचा व्यास बरोबर दोन इंच यायला हवा, आणि हे पन्नास मिलिमीटर होते. तुर्भ्यातील दुसऱ्या एकाने कटर शोधून काढायला तीन आठवडे घेतले, व्यास दोन इंच दिला आणि पैसे पहिल्याच्या दुप्पट घेतले. कॉम्प्रेसरची जोडणी गेल्या महिन्यात बसली, हवा गळत नाही. रबाळ्याच्या विक्रेत्याला मागच्या आठवड्यात पुन्हा फोन केला, तेव्हा त्याने चाकाचे नाव न काढता एक जुने शेपर (धातूला रंधा मारणारे) मशीन आले असल्याचे सांगितले आणि ते अजून रंगवलेले नाही, असे मुद्दाम जोडले. शनिवारी डायल गेज घेऊन जाणार आहे.